कोयासानचं दार, कुमानोची वाट

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेला डोंगराळ भाग म्हणजे किई द्वीपकल्प. जपानमधल्या सर्वांत पावसाळी प्रदेशांपैकी हा एक. इथली तीन तीर्थक्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या: कोयासान, कुमानो आणि योशिनो-ओमिने. ओमिनेच्या सांजोगाताके शिखरावर स्त्रियांना आजही बंदी आहे. माझ्या थोरल्या बहिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "मग तिकडे जायचंच नाही. जिथे दार उघडं आहे तिथे जाऊ." ताई शाळेतून निवृत्त झाली आहे. आषाढात आळंदीहून पंढरपूरला पायी जाण्याचा तिचा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. त्यामुळे चालण्याची काळजी तिला नव्हती, मला होती. दिवाळी आटोपली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस : कोयासान

ओसाकातल्या नाम्बाहून रेल्वे, शेवटी उभ्या चढावर केबल कार आणि वर पोचल्यावर बस. सगळं मिनिटाबरहुकूम. बसचा गावाच्या तोंडाशी पहिला थांबा लागतो न्योनिनदोचा, म्हणजे स्त्रियांच्या देवळाचा. ताई म्हणाली, इथेच उतरू.

भिक्षू कूकाई यांना सम्राट सागाने ८१६ मध्ये हा डोंगर मठासाठी दिला. तेव्हापासून हजारएक वर्षं इथे बाईला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. गावात शिरायच्या सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर बायकांसाठी एक देऊळ. तिथवर यायचं, हात जोडायचे. फार तर डोंगराच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालत, झाडांमधून दिसेल तेवढं बघायचं. १८७२ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. त्या सातांपैकी हे एकच देऊळ आज उभं आहे. लाकडी, साधं, आत मंद दिवे. कूकाईंची स्वतःची आईसुद्धा मुलाला भेटायला आली, तर तिला डोंगराच्या पायथ्याशी जिसोन-इन मठात राहावं लागलं. महिन्यातून नऊ वेळा ते खाली उतरून तिला भेटायचे अशी कथा आहे, आणि पायथ्याच्या त्या गावाचं कुदोयामा हे नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. ताई त्या देवळात बराच वेळ बसली होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आईला खाली ठेवून वर कसला जप होतो, मला कळत नाही."

मलाही कळत नाही. पण त्याच डोंगरावर संध्याकाळी आमचं जे आदरातिथ्य झालं तेही तितकंच खरं होतं. कोयासानवर पन्नासएक मठ यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवतात. याला शुकुबो म्हणतात. आमच्या खोलीत ताटामीच्या चटया, मध्ये कोतात्सु, म्हणजे खालून ऊब देणारं बुटकं टेबल, आणि सरकत्या दारापलीकडे रेती-दगडांची बाग. जेवण साडेपाचला. एका तरुण भिक्षूने लाकडी पाटांवर एकेक वाटी मांडली. इथलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नाही. गोठवून वाळवलेलं कोया-दोफू, रानभाज्या, लोणची, भात. आणि तिळाचं गोमा-दोफू, अगदी घरच्या खरवसासारखं थरथरणारं, वर चिमूटभर वासाबी. जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण मासा नसते, दाशी असते. सुक्या माशांचं ते पाणी सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे शिरलेलं असतं. इथे मात्र समुद्रातल्या कोम्बू शेवाळाचं आणि शिताके अळंबीचं पाणी वापरतात. प्रवासाची सुरुवात कोयासानपासून केली तर पोटालाही धीर येतो.

जेवून ओकुनोइनला गेलो. उंच सुगी वृक्षांमधून दोन किलोमीटरची फरसबंद वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या. जन्मभर एकमेकांशी लढलेले सरदार इथे शेजारीशेजारी आहेत. ओदा नोबुनागा आहे, आणि त्याच्यावर उलटलेला आकेची मित्सुहिदेही आहे. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं स्मारकही इथे आहे. जीव घेऊन पोट भरावं लागतं त्याची जाणीव ठेवून कुणी दगड उभारला, याचं मला फार अप्रूप वाटलं. शेवाळलेल्या पंचस्तरी स्तूपांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं कोरलेली आहेत. चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चांगआनमध्ये, कूकाईंना संस्कृत शिकवलं ते प्रज्ञ नावाच्या भिक्षूंनी, आणि ते नालंदेत शिकलेले.

शेवटचा पूल ओलांडला की फोटो बंद, टोपी काढायची. पलीकडे दिव्यांचं दालन, त्यामागे कूकाईंची समाधी. ८३५ मध्ये ते ध्यानाला बसले आणि अजून बसलेलेच आहेत, अशी इथली श्रद्धा. म्हणून रोज पहाटे सहाला आणि साडेदहाला त्यांना जेवण नेतात. इतकी शतकं.

दुसरा दिवस : होम आणि तानाबे

पहाटेची प्रार्थना सहाला. थंडी कडाक्याची, आणि मठाच्या बोळांमध्ये अनवाणी जावं लागतं. लोकरीचे मोजे नक्की न्या. गाभाऱ्यात धूप, सोनेरी झुंबरं आणि सहा-सात भिक्षूंचा एका सुरातला मंत्रोच्चार. त्यानंतर होम. समिधांसारख्या कोरलेल्या काटक्या रचून, तेल सोडून मुख्य भिक्षूंनी अग्नी चेतवला, मागे ढोल सुरू झाला आणि ज्वाळा छताच्या अर्ध्यापर्यंत गेल्या. ताईने नकळत हात जोडले. नंतर तरुण भिक्षूने फोनवरच्या भाषांतराने विचारलं, तुमच्याकडे हे अजून करतात का? ताईने आमच्या भावाच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि आत जाऊन मोठ्या भिक्षूंना बोलावून आणलं. तेही शेजारी गुडघे टेकून बसले. आमची बस त्यापायी चुकली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

डोंगर उतरून, वाकायामामार्गे समुद्रकाठच्या तानाबेला पोचायला दुपार गेली. होंगू, शिंगू आणि नाची इथल्या तीन मोठ्या देवळांची कुमानो यात्रा इथून सुरू होते. स्टेशनशेजारच्या पर्यटन कार्यालयात नकाशे, बसची वेळापत्रकं, शिक्क्यांची वही सगळं मिळतं. मोठ्या बॅगा रोज पुढच्या मुक्कामी पोचवायची सोयही आहे. ती घ्याच, पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि डबा ठेवा. पुढच्या गावांमध्ये कार्ड चालेलच असं नाही, म्हणून रोख येन इथेच काढून ठेवा.

तिसरा दिवस : ताकिजिरी ते ताकाहारा

अकराव्या-बाराव्या शतकात क्योतोहून निवृत्त सम्राट पुन्हापुन्हा या वाटेने यायचे. गो-शिराकावाने तर तिसाहून अधिक वाऱ्या केल्या. पुढे सामान्य लोक इतके येऊ लागले की 'कुमानोची मुंग्यांची रांग' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. वाटेत जागोजाग ओजी नावाची छोटी देवस्थानं आहेत. नव्व्याण्णव म्हणतात, पण तो बहुसंख्येचा आकडा.

बसने चाळीसेक मिनिटांत ताकिजिरी-ओजी. देवळामागून वाट सुरू होते तीच उभी. दगड, मुळं, पुन्हा दगड. थोड्याच अंतरावर एका प्रचंड खडकाखाली अरुंद भोक आहे, तिथून अंग चोरत पलीकडे निघायचं. हा नवा जन्म. बाजूने वाट आहे, पण ताईने पिशवी माझ्याकडे दिली आणि ती आत शिरली. मधेच थांबली तेव्हा मी घाबरले. "अगं, काही नाही, श्वास घेतेय," आतून आवाज आला. बाहेर आली ती केसांत माती घेऊन, हसत.

प्रत्येक ओजीपाशी पक्ष्याच्या घरट्यासारख्या लाकडी पेटीत शिक्का असतो. तो वहीत उमटवायचा. शाईची गादी कधी सुकलेली असते, स्वतःची छोटीशी ठेवलेली बरी. दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब आहे, ताकिजिरीला १ आणि होंगूला ७५, त्यामुळे चुकण्याची भीती फारशी नाही.

ताकाहारा फक्त चार किलोमीटरवर आहे, पण चढामुळे आम्हाला दुपार झाली. उतारावर भाताची खाचरं, दहा-वीस घरं, समोर एकामागे एक डोंगररांगा. गावच्या छोट्या कुमानो देवळाभोवती शतकानुशतकं उभे असलेले कापराचे वृक्ष आहेत. त्यातल्या एकाच्या खोडाला टेकून बसलो होतो, तर काठी टेकत एक आजोबा आले, देवळासमोरची पानं झाडली, दोन टाळ्या वाजवून नमस्कार केला, आम्हाला दोन मँडरिन संत्री दिली आणि गेले. आमच्या मिन्शुकुच्या, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या, मालकीणबाई म्हणाल्या, ते रोज येतात. गावात मुलं राहिली नाहीत, मग देवळाची पाळी म्हाताऱ्यांनीच वाटून घेतली आहे.

त्या बाईंना आम्ही आधी लिहून कळवलं होतं: मासा नको, दाशीही नको. त्यांनी वांगं, भोपळा, रताळं आणि अळंबीची तेम्पुरा केली, बरोबर बुडवायला रस न देता मीठ ठेवलं आणि मिसो सूप कोम्बूच्या पाण्यात केलं. प्रत्येक वाटी पुढे करताना मान हलवून खात्री देत होत्या. ताईने त्यांना लोणावळ्याची चिक्की दिली. त्यांनी ती आधी देवघरात, नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली.

चौथा दिवस : पाऊस

रात्री सुरू झालेला पाऊस दिवसभर हटला नाही. सुगीच्या जंगलात पाऊस थेट अंगावर येत नाही, वरून टपटपत उशिरा पोचतो, आणि वाटेवरचे दगड साबणासारखे होतात. हातात काठी हवीच. चिकात्सुयूपर्यंत आम्ही फार बोललो नाही. गावाच्या थोडं अलीकडे ग्यूबा-दोजीची मूर्ती आहे: एका बैलावर आणि एका घोड्यावर पाय टाकून बसलेलं दगडी बाळरूप. फोटोत पाहून मी तिला चांगली पुरुषभर उंचीची समजत होते, प्रत्यक्षात ती गुडघ्याएवढी आहे. तिच्यासमोर एका जपानी बाईंनी आपली छत्री मूर्तीवर धरली होती आणि स्वतः भिजत प्रार्थना करत होत्या.

मुक्कामी पोचल्यावर गरम पाण्याचं कुंड आणि चागायू. चहात शिजवलेली ही भाताची पेज वाकायामाच्या खेड्यांतलं रोजचं अन्न आहे, सोबत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट उमे फळ. दिवसभर भिजल्यावर याहून चांगलं काही खाल्ल्याचं मला आठवत नाही.

पाचवा दिवस : होंगू

सकाळी ऊन. त्सुगिझाकुरा-ओजीपाशी महाकाय सुगी वृक्ष आहेत, त्यांच्या फांद्या नाचीच्या दिशेला, दक्षिणेकडेच वाढलेल्या. हे वृक्ष उगाच वाचलेले नाहीत. १९०६ मध्ये सरकारने खेड्यांतली छोटी देवळं मोठ्या देवळांत विलीन करण्याचा हुकूम काढला. देऊळ गेलं की त्याची राई विकायला मोकळी. तानाबेला राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, लेख लिहिले, अधिकाऱ्यांशी भांडले. इथली बाकीची झाडं तुटली, एवढी राहिली. देवराई गेली की देवही जातो, हे कोकणात देवराया पाहिलेल्या कुणालाही पटेल.

तिथून बसने होस्शिनमोन-ओजी गाठलं आणि शेवटचे सात किलोमीटर चाललो. ज्यांना एकच दिवस आहे त्यांनी हाच टप्पा करावा. चहाचे मळे, कुणी नसलेले विक्रीचे ठेले (उमेबोशी घ्या, डब्यात शंभर येन टाका) आणि मग फुशिओगामी-ओजी. इथून होंगूचं पहिलं दर्शन व्हायचं आणि थकलेले यात्रेकरू जमिनीवर लोटांगण घालायचे.

या जागेची एक कथा आहे. दहाव्या-अकराव्या शतकातली कवयित्री इझुमी शिकिबु इथवर चालत आली आणि तिची पाळी सुरू झाली. आता दर्शन नाही, या दुःखाने तिने कविता लिहिली. रात्री देवाने स्वप्नात उत्तर दिलं. त्याचा भाव असा: मी तर मुळातच जगाच्या धुळीत मिसळलेला, मला तुझ्या पाळीचा कसला त्रास? ये. कथा खरी की रचलेली हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ज्या काळात कोयासानचं दार बायकांना बंद होतं, त्याच काळात, त्याच द्वीपकल्पात, चालून दोन-चार दिवसांच्या अंतरावर, एक देव बाईला म्हणत होता की अशीच ये, आणि लोक ती गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत आले. कुमानोत आंधळे आले, महारोगी आले, बायका आल्या. या वाटेचं पावित्र्य मला त्यात दिसतं. ताई तिथल्या बाकावर बसून रडली. मीही. चहा विकणाऱ्या आजींनी काही न विचारता गरम टॉवेल आणून दिला.

होंगूचं आजचं देऊळ टेकडीवर आहे, १५८ पायऱ्या चढून. मूळ जागा खाली, नद्यांच्या संगमावरचं ओयुनोहारा. ऑगस्ट १८८९ च्या महापुरात बहुतेक देवळं वाहून गेली. वाचली ती १८९१ मध्ये वर हलवली. त्याच पुरात उद्ध्वस्त झालेल्या वरच्या तोत्सुकावा खोऱ्यातले सुमारे अडीच हजार लोक गाव सोडून होक्काइदोला वसायला गेले. ओयुनोहाराला आता २००० मध्ये उभारलेली, जवळपास ३४ मीटर उंचीची तोरी कमान आहे, आणि तिच्या पलीकडे रिकामी हिरवळ. देव सगळीकडे पताका, आरसे, पडदे यांच्या मागे पाहिल्यावर ही मोकळी जागा मला सर्वांत भरलेली वाटली.

तिथे इप्पेन या भिक्षूचं स्मारक आहे. १२७४ मध्ये इप्पेन अमिदा बुद्धाच्या नामाच्या चिठ्ठ्या वाटत कुमानोला आले. वाटेत एकाने चिठ्ठी नाकारली: माझ्या मनात श्रद्धा उपजत नाही, मग खोटं का घेऊ? इप्पेन अस्वस्थ झाले. होंगूच्या देवाने त्यांना सांगितलं की श्रद्धा असो नसो, शुद्ध असो अशुद्ध, भेद न करता देत जा. पुढे ते आणि त्यांचे अनुयायी गावोगाव नाम घेत नाचू लागले. आपल्याकडे ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा मानतात. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असणं शक्यच नव्हतं. ताईने त्या हिरवळीवर, कुणी नाही असं पाहून, पावली घातली.

मुक्काम युनोमिनेला. ओढ्याकाठी त्सुबोयु नावाची लाकडी खोपी आहे, आत दोन-तीन माणसं मावतील एवढं गरम झऱ्याचं कुंड. विष पाजलेला, जवळजवळ प्रेत झालेला ओगुरी हांगान गाड्यावरून ओढत इथे आणला गेला आणि याच पाण्यात बरा झाला अशी कथा. ती गाडी अनोळखी लोकांनी, थोडी थोडी ओढत, पुण्य म्हणून इथवर आणली. अर्ध्या तासाची पाळी असते, आगाऊ नोंदणी नाही. पोचल्याबरोबर नंबर घ्या. जवळच नव्वद अंशांच्या पाण्याचं दगडी टाकं आहे, त्यात लोक अंडी आणि रताळी उकडतात. आम्ही रताळी उकडली.

सहावा दिवस : शिंगू

बसने नदीकाठाने खाली. हायातामा देऊळ लालभडक आणि देखणं, पण माझं मन कामिकुरा या डोंगरावरच्या देवस्थानाने घेतलं. वेड्यावाकड्या दगडांच्या ५३८ पायऱ्या, जवळजवळ शिडीच, आणि वर कड्याला टेकलेला गोतोबिकी-इवा हा अजस्र खडक. कुमानोचे देव आधी इथे उतरले म्हणतात. ताईचे गुडघे बोलू लागले होते, ती खाली थांबली. ६ फेब्रुवारीच्या रात्री पेटत्या मशाली घेऊन हजारो लोक या पायऱ्यांवरून धावत उतरतात. फक्त पुरुष. म्हणजे कुमानोतही प्रत्येक दार उघडं नाही. ओल्या दिवशी चढू नका, आणि उतरताना घाई नको.

सातवा दिवस : नाची

दाइमोनझाकाच्या शेवाळलेल्या पायऱ्या सकाळी लवकर चढा, बस भरून लोक येण्याआधी. वर जपानच्या मूळ शिंतो धर्माचं देऊळ आणि सेइगांतो-जी हे बौद्ध मंदिर एकमेकांना चिकटून आहेत. १८६८ नंतर सरकारने देव आणि बुद्ध यांची ताटातूट केली, पण इथे मधे भिंत आली नाही. सेइगांतो-जीच्या कथेप्रमाणे चौथ्या शतकात भारतातून वाहत आलेले राग्यो नावाचे साधू किनाऱ्याला लागले आणि धबधब्याखाली तप करताना त्यांना कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती सापडली. वही लिहून देणाऱ्या काकांनी आम्ही कुठून आलो विचारलं. "इंदो" म्हटल्यावर ते उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला. राग्यो शोनिनच्या गाववाल्या!

धबधबा १३३ मीटर. त्यासमोर गाभारा नाही, मूर्ती नाही. पाणी हाच देव.

खाली नाची स्टेशनजवळ फुदाराकुसान-जी आहे. फारसं कुणी जात नाही, पण जावं. फुदाराकु म्हणजे पोतलक, दक्षिण समुद्रातला अवलोकितेश्वराचा पर्वत, जो बौद्ध ग्रंथांनी भारताच्या दक्षिणेला कल्पिला. इथून भिक्षू महिन्याभराची शिधा घेऊन, बाहेरून खिळे ठोकलेल्या होडीत बसून, त्या पर्वताकडे निघायचे. परत येण्यासाठी कुणी निघत नसे. अंगणात तशी एक होडी बांधून ठेवली आहे, चारही बाजूंना तोरी कमानी. सोळाव्या शतकात कोंकोबो नावाचे भिक्षू होडी फोडून बाहेर पडले, तर त्यांना धरून पुन्हा पाण्यात लोटलं अशी आठवण सांगतात. त्यानंतर जिवंत माणसाला पाठवणं हळूहळू थांबलं, मग मेलेल्या भिक्षूंनाच होडीत ठेवायचे.

ताईने होडीला हात लावला नाही. "ज्याला उतरायचं होतं त्याला उतरू द्यायला हवं होतं," ती म्हणाली. स्टेशनकडे जाताना ती पुन्हा त्या माणसाबद्दलच बोलत होती, राग्योबद्दल नाही, धबधब्याबद्दल नाही. नागोयाकडची गाडी सुटेपर्यंत आम्ही फलाटावर बसून मेहारी-झुशी खाल्ली. खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला हा मोठा भाताचा गोळा पूर्वी डोंगरात कामाला जाणाऱ्यांचा डबा असायचा. घेताना आतलं सारण विचारून घ्या, एरवी शाकाहाऱ्यांना चालतो. नागोयापर्यंत चारेक तास लागतात आणि डब्यात खायला फारसं मिळत नाही, तेव्हा दोन जास्तीच्या बांधून घ्या.